दुर्मिळतेचा कारखाना

दिवाळीच्या सुट्टीत माझा भाचा हाँगकाँगहून घरी आला. तेथे तो एका कचेरीत नोकरीला आहे. कोणाला चहाचा डबा, कोणाला रेशमी रुमाल अशी वाटणी झाल्यावर त्याच्या बॅगेच्या तळाशी सहा लहान पुठ्ठ्याच्या पेट्या उरल्या. त्या कोणासाठी, असे विचारता "त्या माझ्या," असे म्हणून त्याने त्या कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवून दिल्या.

माझी सहा वर्षांची नात तेव्हा अंगणात किल्ला करण्यात गुंतली होती. आपली मराठी मंडळी बडोद्यात येऊन पिढ्या लोटल्या, तरी काही घरांतून दिवाळीचा मातीचा किल्ला अजून होतो. तिला दिंडी दरवाजावर पहारेकरी कमी पडत होता. दुपारी सगळे झोपले असता तिने स्टूल लावले, एक पेटी काढली, फोडली, आणि आतून निघालेली सशाच्या कानांची व दात विचकणारी बाहुली दरवाजावर उभी केली. संध्याकाळी भाच्याने ती पाहिली आणि त्याचा चेहरा उतरला.

"अगं, पेटी फोडलीस? आता तिची किंमत गेली!"

"पण काका, बाहुली तर मुळीच मोडली नाही," नात म्हणाली.

भाचा मूर्ख नाही. हिशेबात तो माझ्यापेक्षा कितीतरी हुशार आहे. म्हणूनच अखंड बाहुलीची किंमत केवळ पुठ्ठा फाटल्याने जाते, हे त्याने ज्या सहजतेने मानले त्याचे मला नवल वाटले. पुढल्या दोन संध्याकाळी त्याने मला या छंदाची सारी हकीकत सांगितली. काही मी वाचून काढली. त्यातून जे मत बनले ते वाचकांपुढे ठेवीत आहे.

प्रथम हे सांगितले पाहिजे की, या छंदाचा उगम खोटेपणात नाही. १९९९ साली हाँगकाँगच्या मायकेल लाउ या चित्रकाराने 'गार्डनर' नावाची पुतळ्यांची मालिका लोकांपुढे मांडली. पुतळे सुमारे फूटभर उंचीचे. लष्करी शिपाई किंवा सिनेमातले वीर यांच्याऐवजी रस्त्यावर फळकुटावरून घसरत जाणारी, सैल कपड्यांची, कानात डूल घातलेली शहरी पोरे त्याने घडविली होती. खेळण्याच्या आकारात आपल्या गल्लीचे चित्र काढता येते, हे त्याने दाखविले. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या 'कॉज' या नावाने चित्रे काढणाऱ्या ब्रायन डॉनेली याने टोकियोतील एका दुकानाच्या साह्याने 'कम्पॅनियन' ही व्हिनाइलची बाहुली काढली. तिच्या प्रती होत्या अवघ्या ५००. पुढे २००१ च्या मे महिन्यात टोकियोच्या मेडिकॉम कंपनीने एका प्रदर्शनाला आलेल्या लोकांना एक लहानसे अस्वल भेट म्हणून दिले. 'बेअरब्रिक' या नावाने आज जगभर ठाऊक असलेले अस्वल ते हेच. २००२ साली अमेरिकेत 'किडरोबॉट' निघाली. पाहता पाहता मोठ्या माणसांनी विकत घ्यावयाच्या खेळण्यांचा एक नवा बाजार उभा राहिला.

या बाजाराचे ब्रीदवाक्य एकच: 'मर्यादित आवृत्ती'. थोडक्याच प्रती, पुन्हा काढणार नाही, आज घ्या, नाहीतर मुकाल. माझे म्हणणे या एका शब्दप्रयोगापुरते आहे. दुर्मिळता तीन प्रकारची असते. त्या तिन्हींना एकाच मापाने मोजून आपण फसतो, असे मला वाटते.

पहिली दुर्मिळता काळाने येते. मी शाळेत असताना टपालाची तिकिटे जमवीत असे. ग्वाल्हेर आणि इंदूर संस्थानांची तिकिटे आमच्या वह्यांत मानाच्या पानावर असत. संस्थाने विलीन झाली, ती तिकिटे छापावयाची थांबली. पत्रे जळाली, वाळवीने खाल्ली, रद्दीत गेली, आणि जी उरली ती मोलाची झाली. संग्राहकांची सोय व्हावी म्हणून काही कोणी संस्थाने विलीन केली नाहीत!

दुसरी दुर्मिळता हाताची, किंवा ऐपतीची. ताम्रपटावर कोरून ठसे काढणाऱ्या चित्रकाराचा पत्रा प्रत्येक ठशाबरोबर झिजतो. पहिल्या ठशाची रेघ जितकी ठसठशीत, तितकी मागाहूनच्या ठशांची राहत नाही. म्हणून ठशाच्या कोपऱ्यात क्रमांक घालण्यात अर्थ आहे. गिऱ्हाइकाला त्यातून खरी माहिती मिळते. लहान खेळणीकाराचेही तसेच. व्हिनाइलच्या पुतळ्यासाठी धातूचा साचा करावा लागतो, त्याला आगाऊ पैसे पडतात, रंग बहुधा हाताने द्यावा लागतो. गाठीला जेवढे पैसे आणि खात्रीचे जेवढे गिऱ्हाईक, तेवढेच पुतळे तो काढतो. त्याने तळपायावर '५०० पैकी ४३' असे लिहिले, तर तो आपली ऐपतच लिहीत असतो. त्यात लबाडी नाही.

तिसरी दुर्मिळता ठरविलेली. येथे साचा झिजलेला नसतो, भांडवल अपुरे नसते, रंगारी थकलेला नसतो. कारखाना हवे तितके काढू शकतो. मात्र किती काढावयाचे, त्यांतील कोणती बाहुली मुद्दाम कमी काढावयाची, आणि ती कमी आहे हे किती मोठ्याने सांगावयाचे, याचा निर्णय बाहुली घडण्यापूर्वी विक्रीखात्याच्या टेबलावर झालेला असतो. पहिल्या दोन प्रकारांत वस्तू आधी आणि दुर्मिळता मागून येते. तिसऱ्यात दुर्मिळता आधी ठरते, आणि तिला बसण्यापुरती एक वस्तू शोधतात.

या तिसऱ्या प्रकाराला पूर्णत्वास नेण्याचे श्रेय बीजिंगच्या 'पॉप मार्ट' या कंपनीकडे जाते. वांग निंग या तरुणाने २०१० मध्ये ती काढली तेव्हा ते किरकोळ शोभेच्या वस्तूंचे दुकान होते. त्यात 'सनी एंजल' या जपानी बाहुल्यांचा खप विलक्षण, असे त्याच्या ध्यानी आले. त्या बाहुल्या बंद पेटीत विकल्या जात. आत कोणती आहे ते फोडल्यावाचून कळत नसे. २०१६ मध्ये त्याने हाँगकाँगच्या केनी वाँग या चित्रकाराची 'मॉली' ही ओठ पुढे काढलेली मुलगी अशाच बंद पेट्यांतून आणली. मागून कासिंग लुंग याच्या चित्रांतील 'लाबुबू' हे राक्षसपिल्लू आणले. आमच्या किल्ल्यावर पहाऱ्याला उभे होते ते हेच. डिसेंबर २०२० मध्ये कंपनीचे भाग हाँगकाँगच्या शेअरबाजारात आले.

बंद पेटीचा हिशेब असा. एका मालिकेत बहुधा बारा उघड नमुने आणि एक 'गुप्त' नमुना असतो. हा गुप्त नमुना पुष्कळ मालिकांत १४४ पेट्यांत एक या प्रमाणात घालतात. आता समजा, एखाद्याने निरनिराळ्या दुकानांतून, निरनिराळ्या दिवशी, एकेक करून १४४ पेट्या घेतल्या. त्याला गुप्त बाहुली मिळालीच पाहिजे, असे आपल्याला वाटते. गणित तसे म्हणत नाही. अशा शंभर माणसांपैकी सुमारे सदतीस रिकाम्या हातांनीच परततील. गुप्त बाहुली सोडा. नुसते बारा उघड नमुने सुट्या पेट्यांतून पुरे करावयाचे म्हटले, तरी सरासरीने सदतीस पेट्या फोडाव्या लागतात. सीलबंद खोके एकदम घेतल्यास बाराही नमुने बहुधा एकत्र मिळतात हे खरे. पण दुकानासमोर उभा राहून एक पेटी घेणारा, आणि 'आणखी एकच' म्हणून दुसरी घेणारा, तो हा हिशेब करीत नसतो.

'आणखी एकच' हे शब्द वाचकांना इतरत्रही ऐकल्यासारखे वाटतील. पत्त्यांच्या अड्ड्यावर आणि आकड्यांच्या दुकानापुढे हेच ऐकू येते. फर्स्टर आणि स्किनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९५७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या वृत्तीचे मूळ सापडते. कळ दाबताच ठरल्या वेळी दाणा मिळाला, तर पक्षी सावकाश दाबतो. दाणा केव्हा मिळेल याचा नेम नसला, तर तो न थांबता दाबीत राहतो. १९७५ साली वर्चेल आणि त्याच्या सहकाऱ्यांनी आणखी एक साधा प्रयोग केला. एका बरणीत दहा बिस्किटे, दुसरीत दोन. बिस्किटे अगदी सारखी; तरी दोनच असलेल्या बरणीतले बिस्किट लोकांना अधिक हवेसे वाटले. आधी दहा दाखवून मग दोन ठेवली, तर आणखीच हवेसे वाटले. बंद पेटीच्या व्यापाऱ्याने या दोन्ही गोष्टी एकत्र आणल्या आहेत. बरणीत दोन बिस्किटे ठेवावयाची, आणि झाकणही आपणच लावावयाचे!

भाच्याच्या न फोडलेल्या पेटीचे कोडे येथे उलगडते. बंद पेटीत गुप्त बाहुली असण्याची शक्यता असते. पेटी फोडली की शक्यता संपते आणि साधी बाहुली तेवढी हाती राहते. म्हणजे बाजारात जिला भाव येतो ती वस्तू न पाहिलेली वस्तू असते. माझ्या नातीने केलेला गुन्हा हाच की तिने खेळणे पाहिले.

याचे पर्यवसान कशात होते, त्याचे एक उदाहरण चीनमधलेच आहे. जानेवारी २०२२ मध्ये 'केएफसी' या खाणावळीच्या कंपनीने ठराविक जेवणाबरोबर पॉप मार्टची बाहुली देण्याची योजना काढली. एका गिऱ्हाइकाने एका दमात १०६ जेवणे घेऊन १०,४९४ युआन मोजले. कित्येकांनी बाहुली काढून घेऊन जेवण दुसऱ्यांकडून खाववले, तर कित्येकांनी अन्न टाकून दिले. अन्नाच्या या नासाडीबद्दल चीनच्या ग्राहक संघाने उघड कानउघाडणी केली. पुढे जून २०२३ मध्ये तेथील सरकारने बंद पेट्यांच्या विक्रीसाठी नियम घालून दिले: आठ वर्षांखालील मुलांना त्या विकू नयेत, कोणता नमुना किती प्रमाणात आहे, ते आधी जाहीर करावे. खेळणे मुलांना विकू नये, असा नियम सरकारला करावा लागला. या एका वाक्यावर वाचकांनी क्षणभर थांबावे, अशी माझी विनंती आहे.

आता ठरविलेली दुर्मिळता किती ठिसूळ असते तेही पाहू. १० जून २०२५ रोजी बीजिंगच्या एका लिलावात माणसाएवढा लाबुबू १० लाख ८० हजार युआनला गेला. त्याच महिन्यात कंपनीने लहान लाबुबूंचा नवा माल मोठ्या प्रमाणात विक्रीस काढला, आणि दलालांकडील भाव काही दिवसांत कोसळले. बाहुली तीच, कान तेच, दातही तेच. कारखान्याने यंत्र थोडे अधिक वेळ चालविले, एवढाच फरक. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये कंपनीच्या चालकांनी सांगितले की, महिन्याला सुमारे ३ कोटी मऊ खेळणी काढण्याची त्यांची तयारी झाली आहे. महिन्याला ३ कोटी! टिळकांच्या सहीची पत्रे किंवा शिवराई होन यांना आपण दुर्मिळ म्हणतो. ३ कोटींना तोच शब्द लावावयाचा असेल, तर भाषेलाच रजा द्यावी लागेल.

हे सारे पूर्वीही घडून गेलेले आहे. अमेरिकेत १९९३ मध्ये 'बीनी बेबीज' नावाची कापडी जनावरे निघाली. अमुक जनावर 'निवृत्त' झाले, असे कंपनी मधूनमधून जाहीर करी, आणि निवृत्तीची बातमी येताच भाव चढे. लोकांनी ती मुलांच्या शिक्षणाची पुंजी म्हणून साठविली. नोव्हेंबर १९९९ मध्ये लास व्हेगासच्या न्यायालयात घटस्फोट घेणारे एक जोडपे जमिनीवर उकिडवे बसून या कापडी जनावरांची वाटणी करीत असल्याचे छायाचित्र प्रसिद्ध झाले. त्यानंतर तो बाजार बसला. आज ती जनावरे जुन्या बाजारात कवडीमोलाने मिळतात. जनावरांचा त्यात काय दोष? ती पूर्वीइतकीच गोजिरवाणी आहेत.

माझ्या भाच्याने यावर तीन आक्षेप घेतले. ते दडवून ठेवणे न्यायाचे होणार नाही.

तो म्हणाला, "मामा, या बाजारामुळे चित्रकारांना पोटभर मिळू लागले. केनी वाँग किंवा कासिंग लुंग यांना नुसत्या चित्रांनी काय दिले असते?" हे मला मान्य आहे. ज्याने मॉली काढली त्याला मॉलीचे पैसे मिळावेत, भरपूर मिळावेत. पण चित्रकाराला मिळकत बाहुलीच्या रूपामुळे व्हावी की पेटीच्या झाकणामुळे, एवढाच माझा प्रश्न आहे. झाकणाच्या जोरावर चालणाऱ्या धंद्यात चित्रकार कधीही बदलता येतो. झाकण मात्र बदलत नाही.

दुसरा आक्षेप असा: "हे माझ्या कमाईचे पैसे आहेत. तुम्ही तिकिटे जमविलीत, मी बाहुल्या जमवितो." हेही बरोबर. छंदाला उपयोगाचा दाखला मागणारा मी कोण? कचेरीतून थकून आल्यावर फळीवरच्या बाहुल्यांची रांग पाहून त्याला परक्या गावी बरे वाटते, असे तो म्हणाला. त्या बरे वाटण्याची थट्टा करण्याइतका मी कठोर नाही. म्हणून मी त्याला इतकेच विचारले, की सहांपैकी किती पेट्या फोडल्यास? तो गप्प राहिला. फळीवर रांग होती ती पेट्यांची.

तिसरा आक्षेप मात्र विचारात पाडणारा होता. "थोड्याच प्रती असल्या म्हणजे वस्तूला मान राहतो. सगळ्यांकडे असलेल्या वस्तूत कसली कला?" या प्रश्नाचे उत्तर मला बडोद्यातच, घरापासून जवळच सापडले. महाराज सयाजीरावांनी १८८८ च्या सुमारास राजा रविवर्मा यांना पौराणिक विषयांवरील चौदा चित्रांचे काम दिले. ती चित्रे राजवाड्यासाठी होती. म्हणजे प्रत एकेकच, आणि तीही राजाच्या भिंतीवर. याहून मर्यादित आवृत्ती ती कोणती? तथापि ती चित्रे लोकांपुढे ठेवली गेली तेव्हा पाहावयास झुंबड उडाली. रविवर्म्यांच्या चित्रांच्या स्वस्त प्रती छापून निघाव्यात, अशी सूचना येथील माजी दिवाण सर टी. माधवराव यांनी त्याआधीच केली होती. १८९४ मध्ये मुंबईस रविवर्म्यांचा छापखाना निघाला, आणि त्यांची लक्ष्मी, सरस्वती घरोघरच्या देवघरात, दुकानाच्या गल्ल्यामागे, शाळेच्या भिंतीवर जाऊन बसली. कलेच्या जाणकारांनी त्या छापील चित्रांना नाके मुरडली, अजूनही मुरडतात; छपाई भडक होती हे मलाही दिसते. पण त्यामुळे मूळ चित्रांचा मान तसूभरही कमी झाला काय? फत्तेसिंहराव संग्रहालयात त्यांपुढे उभे राहणारा माणूस ती चित्रे आपल्या आजीच्या देवघरातून ओळखत असतो, आणि म्हणूनच अधिक वेळ उभा राहतो. चित्र घरोघर पोहोचले, त्याने ते हलके झाले नाही. थोडक्यांनाच मिळाल्याने वस्तूला येतो तो मान नव्हे, तो भाव. मान आणि भाव यांची गल्लत हीच या बाजाराची खरी करामत आहे.

असो. बाहुल्यांवर बहिष्कार घाला, असे सांगण्यासाठी मी हे लिहिलेले नाही. एप्रिल २०१९ मध्ये हाँगकाँगच्या लिलावात कॉजचे एक चित्र ११ कोटी ५९ लाख हाँगकाँग डॉलरना गेले. ज्यांच्यापाशी इतका पैसा आहे त्यांनी तो कोठे घालावा, हे सांगणारा मी नव्हे. माझे मागणे सामान्य पगारदार गिऱ्हाइकापुरते आहे, आणि ते साधे आहे. जो 'मर्यादित' म्हणून विकतो, त्याने मर्यादा आकड्यात लिहावी: एकूण किती काढल्या, आणि पुन्हा काढणार की नाही. जो बंद पेटी विकतो, त्याने प्रत्येक नमुन्याचे प्रमाण पेटीवर ठळक छापावे. मेडिकॉमने बेअरब्रिकच्या पेटीवर प्रकारवार टक्केवारी देण्याची चाल ठेवलेली आहे. म्हणजे हे अशक्य नाही. आणि जी बाहुली गिऱ्हाइकाला हवी आहे ती उघड्या पेटीत, योग्य किमतीला विकत मिळण्याची वाट कोठेतरी मोकळी असावी. बाहुली खरोखर सुंदर असेल तर ती उघडी ठेवूनही खपेल. उघडी ठेवल्यावर खपणार नसेल, तर आजवर काय खपत होते ते गिऱ्हाइकाने समजून घ्यावे.

संग्राहकानेही स्वतःला एक प्रश्न विचारावा. ही वस्तू उद्या कारखान्याने लाखांनी काढली, तर मला ती नकोशी होईल काय? उत्तर 'नाही' असेल, तर खुशाल घ्यावी. 'होय' असेल, तर आपण बाहुली घेत नसून दुसऱ्याकडे ती नाही याचा आनंद विकत घेत आहो, हे ओळखावे.

भाऊबीजेनंतर भाचा परत निघाला. किल्ला तोवर पावसाच्या एका सरीने खचला होता, आणि पहारेकऱ्याच्या कानांपर्यंत चिखल गेला होता. नातीने तो नळाखाली धुऊन काकाच्या हाती दिला. त्याने तो उलटापालटा करून पाहिला, आणि पुन्हा तिच्या हातात ठेवला. उरलेल्या पाच पेट्या मात्र त्याने कपड्यांच्या घडीत जपून गुंडाळल्या आणि बरोबर नेल्या. त्या त्याने फोडल्या की नाही, हे मी अजून विचारलेले नाही.